पेटीचे ओझे

१९५६ साली माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ जहाजाने ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या आणि सागरी मालवाहतुकीचे अर्थकारण पालटू लागले. तीच पेटी न उघडता विमानात चढवावी, ही कल्पना साहजिकच मोहक ठरली. बोइंग ७४७ ची रुंदीही अशा दोन पेट्या शेजारी शेजारी मावाव्यात या बेताने ठरली होती. परंतु वीस फुटी रिकाम्या पोलादी पेटीचेच वजन सुमारे सव्वादोन टन भरते. जहाजाला त्याचे काय सोयरसुतक! विमानाला मात्र प्रत्येक किलोमागे इंधन जाळावे लागते आणि तितका भाडे देणारा माल मागे राहतो. म्हणूनच विमानांत हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या रूढ झाल्या. केवळ पोलादी पेटीसाठी निराळे विमान बांधू पाहणाऱ्यांनी हमालीच्या बचतीआधी हा हिशेब मांडावा. शिवाय हवाई मालाचा मोठा हिस्सा प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. तेथे ही पेटी शिरतच नाही.