आरोग्यचिंतन : लग्न हें औषध नव्हे

मुलीची पाळी दोन-दोन महिने लांबूं लागली, हनुवटीवर राठ केस दिसूं लागले, तोंड मुरुमांनीं भरलें, म्हणजे आपल्या घरांत पहिली काळजी पडते ती तिच्या लग्नाची, प्रकृतीची नव्हे. आई डाळीच्या पिठाचा लेप सुचविते, आत्याबाई वजनावरून बोलतात, आणि "लग्न झालें कीं सारें सुरळीत होईल" असा निकाल आजी देते. या निकालाविरुद्ध आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

हीं चिन्हें निरनिराळीं नसून बहुधा एकाच विकाराचीं असतात. १९३५ सालीं शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनीं सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध करून त्यांची सांगड प्रथम घातली. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम हें त्याचें आजचें रूढ नांव. जननक्षम वयाच्या दर १०० स्त्रियांपैकीं १० ते १३ जणींस तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

नांव मात्र फसवें आहे. सोनोग्राफींत दिसतात त्या गांठी नव्हेत, तर वाढ अर्धवट राहिलेलीं बीजपुटें होत. बीज वेळेवर सुटत नाहीं, म्हणून पाळी चुकते. पुरुषी संप्रेरकें वाढतात, म्हणून केस व मुरुमें येतात. पुष्कळ जणींत इन्सुलिनचा परिणाम मंदावलेला असतो. मानेवरील काळसर, मखमली त्वचा ही त्याचीच खूण; ती घासून जाणारा मळ नव्हे. सडपातळ मुलीसहि हा विकार होतो, तेव्हां तिच्या खाण्यावर बोट ठेवणें अन्यायाचें आहे.

पाळी सुरू झाल्यावर पहिलीं एक-दोन वर्षें ती मागेंपुढें होणें स्वाभाविक आहे. परंतु तीन वर्षें उलटल्यावरहि दोन पाळ्यांतील अंतर ३५ दिवसांहून अधिक राहत असेल, तर डॉक्टरांकडे जावें. थायरॉइडसारखीं इतर कारणें नाहींत, याची खात्री ते आधीं करून घेतील. कोंवळ्या वयांत केवळ सोनोग्राफीवरून निदान करूं नये, असें २०२३ चें आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगतें.

दुर्लक्ष केल्यास पुढें मधुमेहाचा व गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. उलट, नियमित व्यायाम, योग्य आहार व औषधें यांनीं विकार आटोक्यांत राहतो, आणि बहुतेकींस मातृत्वहि लाभतें. मंगलाष्टकांनीं संप्रेरकें ताळ्यावर येत नाहींत. वडीलधाऱ्यांनीं मुलीस झांकून ठेवण्यापेक्षां तिच्यासह दवाखान्याची पायरी चढावी, एवढीच आमची विनंति आहे.