विहीर कुठल्या ग्राफमध्ये आहे?

जानेवारी २०२५ आठवतोय ना? घरून रोज फोन, ‘पाणी उकळून पितोयस ना?’ पाणीपुरीच्या गाडीसमोर उभं राहून दोनदा विचार. ‘जीबीएस’ ही तीन अक्षरं तोवर आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकली होती. सिंहगड रोड, धायरी, किरकिटवाडी, नांदेड या पट्ट्यात पेशंट वाढत गेले आणि संशयितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. या आजारात पायांतली ताकद जाते, काहींना थेट व्हेंटिलेटर लागतो. बऱ्याच पेशंटना आधी जुलाब झाले होते, आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला.

पोटातल्या जंतूचा पायांशी काय संबंध? या जंतूच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जंतूविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि त्या आपल्याच नसांवर तुटून पडतात. आता हे वहीत मांडा. जंतू, त्याचा रेणू, अँटिबॉडी, नस, आजार : पाच ठिपके, चार रेघा, आणि प्रत्येक रेघेवर नातं लिहिलेलं. नॉलेज ग्राफ म्हणजे हेच, फक्त अवाढव्य. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या हेटिओनेट या खुल्या ग्राफमध्ये सुमारे ४७ हजार ठिपके आणि साडेबावीस लाख रेघा आहेत. एवढा पसारा माणसाच्या डोक्यात मावत नाही. मग एआय तो चाळतं आणि अजून कुणी न काढलेली रेघ कुठे असू शकेल, याचा अंदाज बांधतं.

हा अंदाज कधी कधी भारी लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या बेनेव्हलंटएआय कंपनीने अशाच ग्राफच्या मदतीने सुचवलं, की संधिवातावरचं बॅरिसिटिनिब कोव्हिडवर चालेल. चाललं! मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला पूर्ण मान्यता दिली. पण मधली दोन वर्षं पेशंटवरच्या चाचण्यांची होती, हे सांगायला लोक विसरतात. त्याच काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि कोव्हिड हे शब्द हजारो पानांवर शेजारी-शेजारी छापले जात होते. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं, की हॉस्पिटलमधल्या पेशंटना त्याचा फायदा नाही. मशीनने घाईत वाचलं तर ‘गुण आला’ आणि ‘गुण आला नाही’ या दोन्हींची तीच रेघ होते.

आमचं म्हणणं मात्र याच्या पुढचं आहे. ग्राफला तेवढंच कळतं, जेवढं कुणीतरी लिहून ठेवलंय. कॅम्पायलोबॅक्टरपासून नसेपर्यंतच्या रेघा जगभरच्या पेपरांत होत्याच. नांदेड गावाची विहीर, तिच्यातलं क्लोरीन, ते पाणी कोणकोणत्या सोसायट्यांत जातं, हे त्यात कुठून येणार? ते घरोघरी जाऊन विचारणाऱ्या लोकांच्या कागदांवर होतं. माकडतापाचंही तसंच. त्याचा विषाणू १९५७ मध्ये पुण्याच्याच संस्थेने, आजच्या एनआयव्हीने शोधला. २०१६ पासून सिंधुदुर्गात, दोडामार्गकडे पेशंट दिसू लागले. पण कोव्हिडच्या तुलनेत त्यावरचे पेपर मूठभर, म्हणून ग्राफमध्ये रेघाही मूठभर. त्यातून औषध सुचवा म्हटलं, तर बिचारं एआय तरी काय सुचवणार?

हे काम विद्यार्थी करू शकतात, आणि केलंय. सीएसआयआरच्या ‘ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी’ने २००९च्या अखेरीस ‘कनेक्ट टू डिकोड’ हा उपक्रम सुरू केला. देशभरातली कॉलेजची मुलं टीबीच्या जंतूच्या सुमारे चार हजार जनुकांवरचं साहित्य वाचायला बसली आणि कोणतं प्रोटीन कशाशी जोडलेलं, याचा नकाशा तयार झाला. २०१२ मध्ये तो प्लॉस वन या जर्नलमध्ये आला. त्यातून लगेच औषध हातात आलं असं नाही, आणि सुरुवातीला झालेला गाजावाजा जरा जास्तच होता. पण पेपर वाचून रेघ काढायची, हे त्या मुलांना जमलं.

यंदाही कित्येक ग्रुपच्या फायनल इयर प्रोजेक्टचं नाव ‘एआय इन हेल्थकेअर’च्या आसपास असणार. परदेशी डेटासेट डाउनलोड करायचा, मॉडेल चालवायचं, ॲक्युरसी टाकायची, व्हायवा झाला की विसरायचं. त्यापेक्षा आपल्याकडचा एक आजार धरा. माकडताप घ्या, सिकल सेल घ्या. पन्नास पेपर स्वतः वाचा. प्रत्येक रेघेसोबत लिहा : किती पेशंट, कुठले, आणि निष्कर्ष हो की नाही. इंजिनिअरिंगवाल्यांनी ग्रुपमध्ये एक मायक्रोबायोलॉजीचा मित्र घ्या, नाहीतर ‘टायटर’वरच अडकाल. विद्यापीठात १९८७ पासून बायोइन्फर्मेटिक्स सेंटर आहे, तिथे जाऊन विचारा.

पहिल्या पाच पेपरांना अख्खा रविवार जाईल. गाइडला विषय कळवण्याआधी तो रविवार काढा.