तापाचे वंशदप्तर

म्हैसूरच्या बोगादी मार्गालगत मानसगंगोत्रीत असलेल्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेसारख्या ठिकाणी बहिरेपणाची तपासणी करवून घेण्यास मूल येते, तेव्हा त्यास वरचेवर ताप भरतो काय, थंडी लागताच अंगावर गांधी उठतात काय, आणि बापाची वा आजीची हीच तक्रार होती काय, हे प्रश्न वरकरणी अप्रस्तुत वाटले तरी अगत्याने विचारले जावेत, असे माझे मत आहे.

कारण ताप, गांधी, वाढता बहिरेपणा आणि कित्येकांत अखेरीस मूत्रपिंडांचा ऱ्हास, असा जो आनुवंशिक विकार मकल आणि वेल्स या वैद्यद्वयाने १९६२ साली वर्णिला, त्याचे मूळ २००१ साली पहिल्या गुणसूत्रावरील एनएलआरपी-३ या जनुकात सापडले. त्यातील दोषामुळे, शत्रू वेशीवर नसताना तोफा डागाव्यात तसे, इंटरल्यूकिन-१ हे दाहकारक द्रव्य शरीरात अकारण सुटते. जनुकाची एकच सदोष प्रत पुरेशी असल्याने बाधित मातेच्या वा पित्याच्या प्रत्येक अपत्यास तो वारसा मिळण्याचा संभव निम्मा असतो. याउलट १९९७ साली ज्याचे जनुक सापडले, त्या कौटुंबिक भूमध्यसागरी ज्वर या दुसऱ्या आनुवंशिक विकारात बहुधा दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. त्यावरील कॉल्चिसिन हे औषध आपल्या विषारी कळलावीच्या बियांतही असते.

मकल-वेल्स विकारातील ताप इंटरल्यूकिन-१ रोधक औषधांनी आटोक्यात येतो, पण गेलेली श्रवणशक्ती क्वचितच पूर्ववत होते. सबब, निदान वेळीच व्हावे यासाठी दवाखान्याच्या केसपेपरावर तीन पिढ्यांच्या तापाचा एक रकाना असावा. त्यास खर्चाची सबब चालणार नाही.