गिअर मोजू नका, ब्रेक बघा

लडाखमध्ये पोस्टिंग आहे म्हटलं की गावाकडून फोन येतातच. हल्ली त्यात एक प्रश्न हमखास असतो. "साहेब, पोराला डोंगरात चालवायला सायकल घ्यायचीय. एकवीस गिअर, पुढे-मागे शॉकअप, आणि किंमतही परवडणारी. घेऊ का?" विचारणारे बहुधा आपलेच निवृत्त हवालदार नाहीतर सुभेदार असतात, आणि पैसे पेन्शनचे असतात. म्हणून स्पष्ट सांगतो: घेऊ नका.

मागचा चांगला शॉकअप फार महाग असतो. स्वस्त सायकलीत त्या जागी नुसती स्प्रिंग बसवतात. तिने वजन वाढतं, चढावर पायाचा जोर ती गिळते आणि काही महिन्यांत तिचे सांधे खुळखुळायला लागतात. हा देखावा परवडावा म्हणून कात्री लागते ती ब्रेक आणि चाकांना. एकवीस गिअरचंही तसंच. पुढे तीन, मागे सात चकत्या. त्यातले बरेच गिअर जवळपास सारखेच. चढावर कामाला येतात ते शेवटचे एक-दोन हलके गिअर.

इथला खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे, लेह सुमारे ३,५०० मीटरवर. चढताना दम संपला तर उतरून सायकल ढकलता येते, त्यात कुणाला इजा होत नाही. पण परतीचा उतार जवळपास ४० किलोमीटरचा. थंडीने बोटं आखडलेली, वळणावर बजरी, समोरून ट्रक. तिथे एकवीस गिअर काय करणार? तिथे एका बोटाने दाबला तरी धरणारा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक लागतो.

हा खेळ सुरू झाला तेव्हाही अडचण ब्रेकचीच होती. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत पोरं जुन्या जड सायकली घेऊन डोंगर उतरायची. शॉकअप नव्हतेच. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. त्यावरून त्या उताराचं नावच 'रिपॅक' पडलं.

"मागे शॉकअप नसेल तर कंबर जाईल," असं दुकानदार म्हणतो. नाही जात. सव्वादोन इंची रुंद टायर घ्या, हवा थोडी कमी ठेवा आणि खडबडीत जागी सीटवरून उठून गुडघे-कोपर सैल सोडा. नवशिक्याने आधी हेच शिकायचं असतं. पुढचा-मागचा दर्जेदार शॉकअप वाईट नाही, पण तो नंतरचा विषय.

सर्वांत जास्त राग येतो तो पोराची उंची न विचारता सायकल गळ्यात मारणाऱ्यांचा. रंगरूटाला कोणी दोन नंबर मोठा बूट देऊन पीटीला पाठवत नाही. तेव्हा पोराला दुकानात सोबत न्या. सायकलच्या दांड्यावर दोन्ही पाय टेकून उभं करा. मध्ये किमान दोन इंच जागा हवी. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा घ्या, म्हणजे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येईल. हेल्मेटचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत फक्त पुढे शॉकअप असलेली, ब्रेक चांगले असलेली सायकल घ्या. बजेट तरीही कमी पडलं, तर दोन महिने थांबा. डोंगर कुठे जात नाही.

जय हिंद!