हवा भरली म्हणजे शक्ती आली असे नव्हे

2 एप्रिल 2025 रोजी नवी दिल्लीत भारतीय नौदल आणि पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी यांच्यात एका प्रकल्पाच्या मंजुरी-आदेशावर सह्या झाल्या. सहा मेगावॅट, म्हणजे सुमारे आठ हजार अश्वशक्तीचे सागरी डिझेल इंजिन देशातच आखून घडवावयाचे, असा हा प्रकल्प आहे. त्याच्या 270 कोटी रुपये खर्चापैकी 70 टक्के भार केंद्र सरकार उचलणार आहे. नमुना इंजिनात निम्म्याहून अधिक भाग देशी असावा, अशी अपेक्षा आहे. शिवाय तीन ते दहा मेगावॅट शक्तीच्या इंजिनांचे तपशीलवार आराखडेही तयार व्हावयाचे आहेत. एवढ्या शक्तीची सागरी इंजिने देशाने आजवर बहुतांशी परदेशी उत्पादकांकडून घेतली. म्हणून या वार्तेचे स्वागत झाले, हे योग्यच होय. परंतु स्वागताचे हार सुकल्यावर एक प्रश्न उरतो. इंजिन स्वदेशी झाले, असे नेमके केव्हा म्हणावयाचे?

पुण्याला समुद्र नाही. पण जहाजांच्या इंजिनांशी या शहराचे नाते जुने आहे. शंतनुराव किर्लोस्करांनी 1946 मध्ये खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला आणि महाराष्ट्राच्या विहिरी-विहिरींवर त्या इंजिनांचा आवाज घुमू लागला. 1962 मध्ये कोथरूडला अमेरिकन सहकार्याने किर्लोस्कर-कमिन्सचा कारखाना निघाला. नौदलाच्या अभियंत्यांना घडवणारी आयएनएस शिवाजी ही संस्था 1945 पासून जिल्ह्यातच, लोणावळ्याला आहे. पाणबुडीविरोधी ‘कामोर्ता’ वर्गाच्या चार युद्धनौका 2014 ते 2020 या काळात नौदलात दाखल झाल्या. त्या प्रत्येकीत चार डिझेल इंजिने आहेत, आणि ती किर्लोस्करांनी फ्रान्सच्या पीलस्टिक कंपनीच्या परवान्याखाली बांधलेली आहेत. हात पुण्याचे, आराखडा फ्रान्सचा, अशी ही स्थिती आहे. नव्या प्रकल्पाला ओलांडावयाचे आहे ते हेच अंतर.

हे अंतर केवढे आहे, याची कल्पना इंजिनाच्या एकाच अंगाकडे पाहिले तरी येईल. इंधनाच्या एका किलोला जळण्यासाठी किमान चौदा-पंधरा किलो हवा लागते. धूर न होता डिझेल जळावयाचे तर त्याहूनही बरीच अधिक. इंजेक्शन-पंपाने हवे तेवढे इंधन सिलिंडरमध्ये फवारता येते, परंतु सिलिंडरचे आकारमान ठरलेले असल्याने आपल्या श्वासाने आत येणारी हवा ठराविकच असते. तेव्हा अधिक शक्ती हवी असेल तर हवा दाबून भरावी लागते. हा दाब देणारे यंत्र इंजिनाच्या दांड्यावरूनच चालवले तर तो सुपरचार्जर. तो मिळालेल्या शक्तीतला काही वाटा स्वतःच खातो. वाया जाणाऱ्या तप्त धुराच्या झोताने त्याची चक्की फिरवली तर तो टर्बोचार्जर. मात्र इंजिन मंद चालत असता धुराचा झोतही मंद असतो, आणि त्या वेळी हवा कमी पडते. युद्धनौकेचा तर बराचसा काळ मंद गतीच्या गस्तीतच जातो. ‘कामोर्ता’च्या इंजिनांत यावर योजलेला उपाय असा, की कमी भारावर एकाच टर्बोचार्जरने काम चालवावयाचे आणि भार वाढला की दुसरा जोडीला घ्यावयाचा.

सांगावयास हे सोपे आहे, आणि म्हणूनच त्यातून एक मोहही उत्पन्न होतो. हाताशी चांगले इंजिन आहे. त्यावर सुपरचार्जर बसवा, पंपाची मात्रा वाढवा आणि वाढीव शक्तीची पाटी लावा! मच्छीमार नौकेचा मालक असो वा एखादा मोठा कारखाना, या मोहाचे रूप सारखेच असते. परंतु हवा दाबली की ती तापते. तीस अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर व्यवहारातील यंत्रात ती शंभर अंशांच्या वर जाते, आणि तापलेली हवा पुन्हा विरळ होते. म्हणून ती थंड करणारा कूलर हवा. समुद्रावर तो खाऱ्या पाण्याने थंड करावयाचा, म्हणजे गंजाला तोंड देणारा धातू हवा. सिलिंडरातील दाब वाढतो, म्हणून मूळचे संपीडन-गुणोत्तर कमी करावे लागते. पिस्टनचा माथा तेलाच्या फवाऱ्याने निववावा लागतो. बेअरिंगे, हेडचे बोल्ट, नोझल, इंधन फवारण्याची वेळ, सारे नव्याने ठरवावे लागते. एक भाग जोडावयास गेलेला माणूस अखेर संपूर्ण इंजिन पुन्हा आखत बसतो. जो तसे करीत नाही, त्याचे इंजिन भर समुद्रात त्याला हा धडा शिकवते.

भर समुद्रात, असे म्हणण्यालाही कारण आहे. मालमोटारीला चढ लागतो तसा उतारही लागतो. जहाजाच्या इंजिनाला उतार माहीत नाही. पंखा पाण्यात फिरत असेतोवर त्याच्या मागे बोजा असतोच. त्यातून आपल्या समुद्राची उष्णता. आंतरराष्ट्रीय मानकात इंजिनाची शक्ती मोजताना हवा 25 अंशांची धरतात. उष्ण कटिबंधासाठी मात्र जहाजांच्या वर्गीकरण संस्था इंजिनघरातील हवा 45 अंश आणि समुद्राचे पाणी 32 अंश धरावयास सांगतात. थंड देशाच्या कागदावरील शक्ती अरबी समुद्रात जशीच्या तशी मिळेल, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. पाणी आणखी एक हिशेब मांडते. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. शक्ती दीडपट केली तरी गती साधारण सातव्या हिश्शानेच वाढते; डिझेलचा खर्च मात्र शक्तीच्या मापाने चढतो. निसर्गाचा हा जमाखर्च कोणत्याही जाहिरातीने बदलत नाही.

परवान्याखाली इंजिन बांधणाऱ्याला यांतील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार मिळते. बोल्ट किती जाडीचा, धातू कोणता, हवेचा दाब किती, हे नकाशावर लिहिलेले असते. तेवढाच का, हे तेथे लिहिलेले नसते. ते ‘का’ मूळ कंपनीच्या प्रयोगशाळेत, फुटलेल्या पिस्टनांच्या आणि जळालेल्या झडपांच्या नोंदींत राहते. परवान्याने कौशल्य येते, आणि पुण्यातील कामगारांनी व तंत्रज्ञांनी ते उत्तम रीतीने आत्मसात केले, यात शंका नाही. परंतु शक्ती थोडी वाढवावयाची किंवा इंधन बदलावयाचे म्हटले, की पुन्हा परदेशाच्या दारी उभे राहावे लागते.

टक्केवारीने हे झाकले जाते. ‘कामोर्ता’ वर्गातील शेवटची नौका ‘कवरत्ती’ 2020 मध्ये दाखल झाली, तेव्हा तिच्यात 90 टक्क्यांपर्यंत देशी सामग्री असल्याचे सांगण्यात आले. तरीही तिच्या हृदयाचा आराखडा बाहेरचाच होता. नव्या इंजिनातील निम्मा देशी भाग म्हणजे ओतीव सांगाडा, तेलाची टाकी आणि नळ्या असेल, तर अट पुरी होईल आणि हेतू फसेल. इंजेक्शनची यंत्रणा, टर्बोचार्जर आणि या दोहोंचा मेळ राखणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, हे तीन भाग कोणी आखले, याचाच हिशेब नौदलाने मागितला पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की नौदलाला लागणारी इंजिने मोजकी. ती विकत घेणेच स्वस्त. शांततेच्या काळात हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु भारताच्या कित्येक विनाशिकांची गॅस टर्बाइने युक्रेनमधील मिकोलाइव येथील कारखान्यातून आलेली आहेत, आणि 2022 मध्ये ते शहरच युद्धाच्या तडाख्यात सापडले. दूरच्या दोन देशांतील तोफा आपल्या गोदीतील वेळापत्रक बिघडवू शकतात, हे त्या वर्षाने दाखवून दिले. दुसरा आक्षेप असा, की जग डिझेलपासून दूर चालले असता आता डिझेल इंजिन शिकून काय साधणार? आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2023 मध्ये शतकाच्या मध्याच्या सुमारास जहाजांचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे ध्येय ठरवले, हे खरे. परंतु मिथेनॉल असो वा अमोनिया, ते सिलिंडरमध्येच जाळावयाचे तर हवा किती, केव्हा आणि कोणत्या दाबाने द्यावयाची, हा प्रश्न सुटत नाही. ज्याला ज्वलनाचे ‘का’ उमगले तो नव्या इंधनाकडे वळू शकेल. ज्याच्याजवळ नुसता परवाना, त्याला दुसऱ्या परवान्याची वाट पाहावी लागेल.

या कामाला उतावीळपणा मात्र परवडणार नाही. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने धुराच्या झोतावर हवा दाबण्याच्या कल्पनेचे पेटंट 1905 मध्ये घेतले. तिचा समुद्रावर उपयोग दिसला तो जवळजवळ दोन दशकांनी, दोन जर्मन प्रवासी जहाजांवर; तेव्हा 1750 अश्वशक्तीची इंजिने 2500 अश्वशक्ती देऊ लागली. मधली वर्षे उष्णता सोसणाऱ्या धातूच्या आणि पुरेशा दाबाच्या शोधात गेली. तेव्हा पहिला नमुना चाचणीत फुटला तर संसदेत गहजब करण्याचे कारण नाही. तो का फुटला याची नोंद राहिली नाही, तर मात्र अवश्य करावा.

ही नोंद ठेवणारी माणसे पुण्यात मिळू शकतात. 1854 पासून चालत आलेले अभियांत्रिकी महाविद्यालय, जे आता विद्यापीठ झाले आहे, मुठेच्या काठी उभे आहे. मोटारींची इंजिने तपासणारी एआरएआय वेताळ टेकडीवर 1966 पासून आहे. लोणावळा तासाभराच्या अंतरावर आहे. या साऱ्यांना प्रकल्पाशी जोडले, अपयशी ठरलेल्या भागांची गोपनीय नसलेली माहिती वर्गात आली, आणि पदवीच्या विद्यार्थ्याला सूत्र पाठ करण्याऐवजी खरोखर जळालेली झडप हातात घेऊन विचार करावयास लावले, तर 270 कोटींचे मोल इंजिनाहून मोठे होईल. बाहेरून दाबून भरलेल्या हवेने इंजिनाची शक्ती वाढते, ती आतला प्रत्येक भाग ती पेलण्यास समर्थ असेल तरच. प्रकल्पात ओतलेल्या पैशालाही हाच नियम लागू आहे.