पदक गेले, धाव उरली

२२ ऑगस्ट २००८. बीजिंग ऑलिंपिकमध्ये जमैकाच्या कार्टर, फ्रेटर, बोल्ट व पॉवेल या चौघांनी चार गुणिले शंभर मीटर रिले ३७.१० सेकंदांत जिंकून १९९२ पासूनचा ३७.४० सेकंदांचा विश्वविक्रम मोडला. ऑलिंपिकचे वैयक्तिक सुवर्णपदक कधीच न लाभलेल्या पॉवेलची ती अखेरची धाव क्रीडारसिक अजून विसरलेले नाहीत. पुढे फेरतपासणीत कार्टरच्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य आढळले आणि २०१७ साली चौघांचीही पदके काढून घेण्यात आली. तिघांना शिक्षा का, असे आम्हांसही क्षणभर वाटले. परंतु वाचकहो, बॅटन चौघांच्या हातून जाते. यशाचे वाटेकरी दोषातून वेगळे कसे राहणार? आठवण मात्र कोणी परत मागत नाही. ती आम्ही जपतो, किंचित खंतावून.