सॉफ्टवेअर मोफत, माहितीपुस्तिका परभाषेत

सायलॅब, जिओजेब्रा, सेजमॅथ ही गणिताची सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. घोडे अडते ते माहितीपुस्तिकेपाशी. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने सायलॅब व जिओजेब्राचे पाठ मराठी निवेदनासह दिले, ही मोलाची कामगिरी होय. प्राथमिक शिक्षण मराठी वा कोकणीतून घेऊन पुढे इंग्रजीकडे वळणाऱ्या गोव्यातील विद्यार्थ्याला हा आधार हवाच. परंतु आवृत्ती बदलली की पडद्यावरील मेनू बदलतो, ध्वनिमुद्रित आवाज मात्र जुनाच राहतो. एका आज्ञेचा अर्थ शोधण्यासाठी चित्रफीत कितीदा मागेपुढे करायची, हा प्रश्न वेगळाच.

विल्यम स्टाईन यांनी 2005 साली सुरू केलेल्या सेजमॅथची रीत येथे विचारार्ह ठरते. तेथे प्रत्येक फंक्शनसोबत उदाहरणे लिहिण्याचा दंडक आहे. ती संगणकावर चालवून छापलेले उत्तर जुळते का, हे पाहिले जाते. आज्ञा मूळ स्वरूपात ठेवून भोवतीचे विवेचन मराठीत लिहिले, तरी ही तपासणी तशीच चालेल. अर्थात ती चुकलेले उदाहरण पकडते, चुकलेले वाक्य नव्हे. त्यासाठी गणित आणि मराठी दोन्ही जाणणारा माणूस दर आवृत्तीला लागेल, आणि आपल्याकडील भाषांतराची अनुदाने बहुधा प्रकाशन समारंभापाशीच संपतात.